असोद्याच्या आईला उत्तर कोण देणार?

अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरने मुलाच्या छातीला नळी लावली, क्षणभर थांबून पुन्हा लावली, आणि एका कागदावर काही लिहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगितले, की त्या घराची झोप उडते. असोदा हे जळगावच्या उंबऱ्याशी असलेले गाव. तेथील शेतमजूर कुटुंबाला रुग्णालय लांब नाही. लांब आहे ते उत्तर. मूल वाचेल का, हे कोणामुळे झाले, शस्त्रक्रिया आत्ताच हवी का, आणि पैसा किती लागेल, हे चार प्रश्न आईच्या मनात एकाच वेळी उठतात. कागदावरची अक्षरे यांपैकी एकाचेही उत्तर देत नाहीत.

वस्तुतः उत्तरे उपलब्ध आहेत. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ बालकांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यांतील पुष्कळ दोष किरकोळ असतात; हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे लहानसे छिद्र अनेकदा आपोआप बुजते आणि तेथे केवळ नियमित तपासणी पुरते. परंतु जे बाळ दूध पिताना धापा टाकते, कपाळावर घाम येऊन मध्येच पिणे सोडते, ज्याचे वजन वाढत नाही, ज्याला वारंवार फुफ्फुसाचा दाह होतो, किंवा ज्याचे ओठ रडताना निळे पडतात, त्याच्या बाबतीत ‘मोठे झाल्यावर पाहू’ हा सल्ला घातक ठरतो. मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले तर फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांवरचा दाब कायमचा वाढतो, आणि मग शस्त्रक्रिया करण्याचीही सोय उरत नाही. वेळेत दिलेले उत्तर हा उपचाराचाच भाग आहे, तो असा.

दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गाव विज्ञानाच्या आधी देऊन मोकळे होते. ग्रहणात विळा हाती धरला, अमुक खाल्ले, पायगुणच तसा! आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी आईच उभी असते. बापाला कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. बहुतेक वेळा एकच एक कारण सांगता येत नाही, हे सत्य आहे. गरोदरपणाच्या आरंभी झालेला रुबेला, आईचा अनियंत्रित मधुमेह, जवळच्या नात्यातील विवाह यांनी धोका वाढतो. रुबेलाला तर लस आहे आणि महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात तिची मोठी मोहीमही झाली. ग्रहणाचा संबंध शून्य आहे. हे त्या आईला तिच्या सासूसमक्ष आणि तिच्याच बोलीत सांगितले पाहिजे. असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव आहे. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना समजही नाही, असे मानणाऱ्या पांढरपेशा डॉक्टरने एवढे तरी स्मरावे.

राहिला पैशाचा प्रश्न. येथे शासन तत्परतेने योजनांची नावे घेते, आणि त्या योजना खोट्या नाहीत. १९९७ पासून राज्यात जीवनदायी योजना होती. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. उर्वरित राज्यात, अर्थात जळगावातही, ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासावीत, अशी तरतूद आहे.

परंतु या योजनांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या मेजापासून सुरू होतो, आणि कुटुंबाचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी. लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. मुंबई जळगावहून चारशेहून अधिक किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांची मजुरी बुडते, परळच्या पदपथावर रात्री काढाव्या लागतात, तारीख पुढे ढकलली की हेच पुन्हा, आणि घरी धाकट्यांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटते. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात तो कोणत्याही देयकात लिहिलेला नसतो. शस्त्रक्रिया मोफत असूनही आईबाप परत का येत नाहीत, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या बिनपावतीच्या खर्चाची बेरीज करून पाहावी. २०२१-२२ मध्ये देशातील शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते.

एक पाचवा प्रश्नही असतो. तो मोठ्याने विचारला जात नाही. मुलगी असेल तर छातीवरचा व्रण दिसेल का, तिचे लग्न जमेल का? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या बालकांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७० टक्के मुलग्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, मुलींपैकी केवळ ४४ टक्के जणींवर. याला योजनेचे ओळखपत्र पुरत नाही.

जन्मजात नसलेला, दारिद्र्यानेच दिलेला हृदयरोग आणखी वेगळा. कोंदट, दाटीच्या घरांत घशाचा संसर्ग पसरतो. पाच ते पंधरा वर्षांच्या काही मुलांत त्यामागून संधिवाती ताप येतो. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपा जखमी राहतात. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन अनेक वर्षे दिले, तर पुढची हानी बव्हंशी टळते. औषध जुने आणि स्वस्त, म्हणून उत्पादकाला त्यात रस नाही आणि त्याचा तुटवडा वारंवार पडतो. मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातील पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, हृदयरोपण केले होते. रोगी वाचला नाही, पण सार्वजनिक रुग्णालयाची झेप त्यातून दिसली. त्याच राज्यात एका मुलाला दर एकवीस दिवसांनी सुई मिळेल याची हमी अजून द्यावी लागते!

कार्यकर्त्यांनी येथे नेत्याच्या वाढदिवसाचे शिबिर भरवू नये. शिबिरात रोग सापडतात आणि फलक उतरताच हरवतात. मागणी नेमकी हवी. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बालहृदयतज्ज्ञांचा ठरावीक वार असावा, तो वार गावोगावी माहीत असावा, आणि मुलासोबत जाणाऱ्या पालकांना प्रवासभाडे व बुडालेली मजुरी हक्काने मिळावी. तोवर करता येण्यासारखे काम साधे आहे. पथक अंगणवाडीत येण्याचा दिवस विचारून ठेवावा, त्या दिवशी तेथे हजर राहावे, ज्यांच्या हाती कागद पडला त्यांच्या घरी त्याच संध्याकाळी जाऊन बसावे. तो कागद वाचून दाखवावा, पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत जळगावला जावे, आणि सुईचे दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर आईच्या देखत खूण करून ठेवावेत.