घरच्या शुश्रूषेची परीक्षा कोणी घ्यावी?

आम्हां विद्यार्थ्यांची परीक्षा दर सत्राला होते. शाळेची तपासणी होते, रुग्णालयाची होते, हॉटेलातील स्वयंपाकघराचीसुद्धा होते. परंतु घराच्या मधल्या खोलीत खाटेवर पडून असलेल्या माणसाला रोज जी सेवा मिळते, म्हणजे आंघोळ, वेणीफणी, घास भरवणे, कूस बदलणे, संडासला नेणे, तिची परीक्षा कोण घेतो? कोणाला हा प्रश्नच अप्रस्तुत वाटेल. घरच्या माणसाची सेवा ही काय तपासण्याची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हटले असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आजीला, आम्ही तिला मोठी माय म्हणतो, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. रुग्णालयातून तिला धुळ्याला आमच्या घरी आणले. वडील एस. टी.त, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, मी आणि भाऊ कॉलेजात. दिवसा घरी कोणी नाही. म्हणून एका ब्यूरोमार्फत सकाळी आठ ते रात्री आठ अशी एक मावशी ठेवली. मावशी स्वभावाने चांगली होती. चादर रोज बदलत असे, केस विंचरून देत असे, कपाळाला कुंकू लावीत असे. नातेवाईक भेटायला येत आणि म्हणत, "नशीबवान हो म्हातारी! किती स्वच्छ ठेवलंय!" महिन्याअखेरीस ब्यूरोचा माणूस छापील कागद घेऊन आला. मावशी शेजारीच उभी होती. त्याने विचारले, "आजी, सगळं व्यवस्थित आहे ना?" मोठी माय म्हणाली, "हो." त्याने खूण केली आणि आईची सही घेतली. शंभरपैकी शंभर गुण!

मे महिना होता. खानदेशातला मे महिना काय असतो हे वाचकांना सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि धुळ्यातही दुपारी पत्रा हात लावू देत नाही. एका रात्री मी तिच्याजवळ झोपले होते. तिचे ओठ फुटलेले दिसले. पाणी दिले तर एक घोट घेऊन तिने पेला बाजूला केला. मी पुन्हापुन्हा विचारले तेव्हा नेहमीसारखे "बरी शे मी" म्हणाली. मग बऱ्याच वेळाने तिने आपल्या अहिराणीत खरे कारण सांगितले. पाणी प्यायले की लघवीला जावे लागते. त्यासाठी मावशीला हाक मारावी लागते. मावशी काही बोलत नाही, पण तिचा चेहरा बदलतो. आणि संध्याकाळी सून दमून येते, तिलाही काय सांगायचे? म्हणून तिने पाणीच कमी केले होते. दुसऱ्या दिवशी आईने तिला कुशीवर वळवले तेव्हा माकडहाडाजवळची कातडी लाल होऊन सोलवटलेली दिसली. पांढऱ्याशुभ्र चादरीखाली महिनाभर आम्ही कोणी पाहिलेच नव्हते.

मला दोष मावशीचा काढायचा नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते हे तिला कोणी शिकवले नव्हते. बारा तासांत तिला पाठ टेकायला जागा नव्हती. आम्ही ब्यूरोला देत होतो त्या पैशातले तिच्या हातात किती पडतात, हे आम्ही कधी विचारले नाही. दोष असला तर आमच्या पाहण्याचा होता. आम्ही चादर पाहिली, माणूस पाहिले नाही.

सेवेची परीक्षा घेणे म्हणजे प्रेमावर अविश्वास दाखवणे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. परंतु प्रेमाने आपोआप कूस बदलत नाही. आईचे मोठ्या मायवर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तरीही जखम झालीच. प्रेम आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या सेवेत दोन्ही हवीत तिथे एक आहे म्हणून दुसरे आहे असे धरून चालता येत नाही.

कायद्याकडे पाहावे, तर तोही उंबऱ्यापाशी थांबतो. आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. पण शुश्रूषागृह म्हणजे खाटांचे रुग्णालय. रोगी घरी आला की ती नोंदवही मिटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा विचार आहे. तो आवश्यकच आहे. परंतु पाण्याचा पेला कोणत्या चेहऱ्याने पुढे केला गेला, हे कोणत्या न्यायाधिकरणापुढे मांडणार?

परदेशांत या प्रश्नाचा विचार पूर्वीपासून झाला आहे. अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली सहा साध्या क्रियांची यादी केली: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. यांतले काय माणूस स्वतः करू शकतो, यावरून त्याला किती मदत हवी हे ठरवता येते. १९६६ साली अवेडिस डोनाबेडियन यांनी सांगितले की, आरोग्यसेवेचा दर्जा तीन ठिकाणी शोधावा: साधनसामग्री व माणसे कशी आहेत, प्रत्यक्ष काम कसे होते आणि त्याचा परिणाम काय झाला. आमच्या घरी साधने होती, चादर होती, मावशी होती. कामाकडे आम्ही अर्धवट पाहिले आणि परिणाम तर चादरीखाली झाकलेला होता.

मात्र मोजमापाचाही अतिरेक होऊ शकतो. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी संस्था घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांचीही तपासणी करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, तीत जिव्हाळा आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे ती बदलते का आणि तिचा कारभार नीट आहे का, असे तिचे पाच प्रश्न आहेत. प्रश्न उत्तम आहेत. परंतु त्याच देशात पंधरा मिनिटांच्या भेटींवरून मोठी ओरड झाली. घड्याळ लावून यायचे, अंग पुसायचे, कागद भरायचा आणि पुढच्या घरी पळायचे. कागद पूर्ण आणि माणूस अपुरा! तेव्हा केवळ तक्ते छापून आपले काम भागेल, अशा भ्रमात आपण राहू नये.

मग आपल्याकडे हे जमेल का? जमेल, कारण जमलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडे शिकलेल्या बायकांना शिकवले. त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन, ताप, श्वास पाहत, नोंद करीत आणि त्या नोंदी नियमाने पडताळल्या जात. त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज आशाताई ठरलेल्या दिवशी बाळ पाहायला येते आणि कोणत्याही आईला त्यात आपल्या मायेचा अपमान वाटत नाही. आयुष्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत जी तपासणी आपण आपुलकीची मानतो, ती शेवटच्या चार वर्षांत अविश्वासाची का मानावी?

माझ्या अल्प अनुभवावरून परीक्षेचे चारच प्रश्न पुरेत असे वाटते. पहिला, अंग पाहिले का? पाठ, टाचा, माकडहाड रोज पाहावे. दुसरा, पाणी आणि अन्न किती गेले? बिनरेघी वही उशाशी ठेवली तरी चालते. आमच्याकडे भावाच्या जुन्या वहीची उरलेली पाने कामी आली. तिसरा, माणसाला विचारले का, आणि कसे विचारले? सेवा करणारा समोर उभा असताना, परक्या प्रमाण भाषेत, "ठीक आहे ना?" असे विचारले तर उत्तर "हो" हेच येणार. एकांतात, त्याच्या बोलीत, वेळ घेऊन विचारले पाहिजे. चौथा प्रश्न सेवा करणाऱ्याचा: तिला शिकवले का, विश्रांती मिळते का, मोबदला नीट पोचतो का? महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला, पण आपल्या घरी येणाऱ्या मावशीची नोंदणी झाली आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? आणि जिथे मावशी नाही, तिथे सून किंवा लेक आहे. तिला तर सुट्टीही नाही आणि तिला कोणी विचारतही नाही.

हे काम हलके आहे, ही समजूत मात्र आधी टाकली पाहिजे. आपल्या याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, १९२४ पासून शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे अंथरूण आवरीत आणि आजारी मुलांची शुश्रूषा करीत. एम. ए. झालेल्या शिक्षकाला त्यात कमीपणा वाटला नाही. मग बी. ए.च्या वर्गातल्या आम्हांला स्वतःच्या आजीची कूस बदलण्यात संकोच का वाटावा? विशेषतः माझ्या वर्गबंधूंना हा प्रश्न आहे. कारण घरात बहीण असली की भावाला हा प्रश्न सहसा पडतच नाही.

आपल्या गावांतील तरुण सुरत, पुणे, मुंबईकडे जात आहेत आणि मागे ओट्यावर म्हातारी माणसे उरत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबरच एक दुपार दत्तक गावातील एखाद्या खाटेजवळ बसून काढावी असे मला वाटते. तपासनीस म्हणून नव्हे, तर विचारणारे माणूस म्हणून.

मोठ्या मायची जखम भरायला दोन महिने लागले. मावशी अजून आमच्याकडेच येते. आईने तिला कूस बदलायला शिकवले आणि दुपारी दोन तास तिला झोपू दिले जाते. आता दुपारी मी कॉलेजातून आले की मोठी माय स्वतःच डावा हात पुढे करून पेला मागते. आमच्या घरच्या परीक्षेचा निकाल मी त्या पेल्यावरून लावते.

— तृतीय वर्ष कला