साडी ठेवा, पण पाटी नीट लिहा

नेत्यांच्या बायकांचे कपडे संग्रहालयात मांडावेत का, असा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याच जणी नाक मुरडतात. नवऱ्याचं कर्तृत्व आणि बायकोचं लुगडं, हीच वाटणी ना! माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या साखऱ्याकडे बाई गेली की चांगली लुगडी लेकीसुना वाटून घेतात, जुनेर वाकळेत जातं. कपडा टिकला तर निदान ‘ही कोण होती’ असं विचारता तरी येतं. अडचण आहे ती त्याखालच्या पाटीची.

वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाला १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांनी आपला झगा दिला. पुढे अशा झग्यांची रांग लागली. या बायकांचं राजकारणातलं काम सांगणारी मांडणी झाली ती १९९२ मध्ये. ऐंशी वर्षं गेली त्यात! त्याच संग्रहात मेरी लिंकन यांचा जांभळा मखमली पोशाख आहे. तो एलिझाबेथ केकली हिनं शिवला असं मानतात. ही जन्मानं गुलाम. १८५५ मध्ये तिनं पैसे भरून स्वतःची आणि मुलाची सुटका केली. तो पोशाख मला बघायचाय, पण केकलीसाठी.

आपल्याकडे कस्तुरबांचं घ्या. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या कैदेतच वारल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अग्नी दिला, म्हणजे ती साडी काचेआड येणार नाही. राखेत बांगड्या शाबूत सापडल्याची गोष्ट मात्र भक्तिभावानं सांगतात. अहेवपणाचा चमत्कार ना! १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांची लग्नं बेकायदा ठरवणाऱ्या निकालाविरुद्ध त्या सत्याग्रहात उतरल्या, तीन महिने सक्तमजुरी भोगली. ९ ऑगस्ट १९४२ ला, गांधीजींना पकडल्यावर, शिवाजी पार्कच्या सभेत त्या बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही पकडलं. हे किती जणींना ठाऊक आहे?

वेणूताई चव्हाणांचंही तसंच. कऱ्हाडला त्यांच्या नावाचं स्मारक आहे. लग्न जून १९४२ चं. यशवंतराव भूमिगत, म्हणून १९४३ मध्ये पोलिसांनी या नव्या नवरीला तुरुंगात टाकलं.

तेव्हा मैत्रिणींनो, मेळाव्याला पुण्याला जाल तेव्हा आगाखान पॅलेसमध्ये जरा वाकून पाट्या वाचा. १९१३ चा तुरुंगवास कुठं दिसला नाही, तर तिथल्या माणसांना विचारा आणि अर्ज लिहून द्या. सह्या आम्ही साखऱ्याहूनही पाठवू.