‘घरगुती अडचणीमुळे’

महाविद्यालय बदलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जात कारणासाठी जी एक ओळ मोकळी सोडलेली असते, तिच्यावर बहुधा ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढेच लिहिलेले आढळते. खिडकीपलीकडच्या लेखनिकाला हे शब्द सोयीचे, प्राचार्यांनाही सोयीचे. त्यांत कोणावर ठपका नाही. म्हणून चौकशी नाही, आणि अर्ज लवकर निकालात निघतो. तो लवकर निघावा एवढ्यासाठीच तर विद्यार्थी तसे लिहितो.

खरे कारण पुष्कळदा महाविद्यालयाच्या आवारातच असते. माहितीपत्रकात भूगोलाचे नाव वाचून तालुक्याच्या गावी एखाद्याने प्रवेश घ्यावा आणि वर्गात जाऊन पाहावे, तो प्राध्यापकाचे पद रिक्त! तासिका तत्त्वावर कोणाची तरी नेमणूक होईपर्यंत पावसाळा संपत येतो. नेमलेल्याला तासांपुरतेच मानधन मिळत असल्याने तोही दुसरीकडे चार तास शोधत असतो. त्या अध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु विद्यार्थ्याचे वर्ष जायचे ते जातेच. आणखी कोणाची गावाकडची शेवटची एस. टी. प्रात्यक्षिक संपण्यापूर्वीच सुटते. मुलीचे शिक्षण तर कित्येकदा त्या एका गाडीवर अवलंबून असते.

याहून गंभीर कारण छळाचे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. जो प्रमुख यात कसूर करील त्याने अपराधाला साहाय्य केले असे मानण्याची तरतूदही त्यात आहे. अशा वेळी पीडित मुलगा ‘घरगुती अडचण’ लिहून निघून गेला तर सुटका कोणाची होते, हे निराळे सांगावयास नको.

सगळेच अर्ज असे नसतात. मित्र गेला म्हणून जाणारे असतात, हजेरीची कटकट नको म्हणून जाणारेही असतात. असोत. त्यांच्यासाठी इतरांची वाट अडवण्याचे कारण नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांच्या पेढीचे विनियम केले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत, ही सोय स्वागतार्हच आहे. पण श्रेयांक हलले तरी जागा हलत नाही. दुसरीकडे त्या वर्गात जागा रिकामी असावी लागते, विषय जुळावे लागतात, शहरातल्या खोलीचे भाडे परवडावे लागते. शिवाय मूळ कागदपत्रे! ती तपासून परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असे आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे. हा नियम किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये महाविद्यालयांत विकास समिती असावी लागते. वर्षभरात किती विद्यार्थी कोणत्या कारणाने सोडून गेले याचा तपशील, नावे वगळून, तिच्यापुढे ठेवला जावा. मात्र कारण विचारण्याचे काम, ज्याच्याविषयी तक्रार असू शकते त्या विभागाकडे नसावे, आणि विचारणा दाखला हाती दिल्यानंतरच व्हावी. दाखला अडकलेला असेतो कोणीही घरगुती अडचणीखेरीज दुसरे काही लिहिणार नाही.