आमची विहीर आणि भाच्याचे यंत्र

दौंडहून ताईचा फोन आला की मी आधी खुर्चीवर बसून घेतो. उभ्या माणसाने ऐकण्यासारखे ताई काही बोलतच नाही. या खेपेस ती म्हणाली, "तुझ्या भाच्याला श्वास परत घ्यायचं यंत्र हवंय."

"परत म्हणजे?"

"एकदा सोडलेला. तोच पुन्हा घ्यायचा म्हणे, पाण्याखाली. मला काही कळलं नाही. तू ये आणि त्याला समजाव."

सोडलेला श्वास परत घेण्याइतकी काटकसर आमच्या आईनेही कधी केली नव्हती. आणि आमची आई आगपेटीच्या काडीचे उभे दोन तुकडे करणाऱ्यांतली होती. मी तडक शिरूरहून निघालो आणि न्हावरे, चौफुला, पाटस करीत जेवणाच्या वेळेला दौंडात पोहोचलो. ताईकडे कोणालाही समजवायचे असले तरी आधी जेवावे लागते.

आता तुम्ही विचाराल की दौंडच्या मुलाचा आणि समुद्राचा संबंध काय? तसा काही नाही. दौंडला भीमा आहे, शिरूरला घोड आहे, आणि दोन्हींना पाणी कधी असावे हे वरची धरणे ठरवतात. पण गेल्या दिवाळीत चिरंजीव मित्रांबरोबर मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाठीवर टाकी बांधून, आणि ती टाकी मागून एका मालवणी पोराने घट्ट धरलेली अशा थाटात मासे पाहून आले. त्याचा फोटो ताईने देवघराच्या शेजारी लावला आहे. मग सुट्टी काढून तो रीतसर शिकला, प्रमाणपत्र मिळवले. एकूण बुड्या अकरा. आणि अकराव्या बुडीनंतर त्याला साक्षात्कार झाला की साधी टाकी हे जुनाट लोकांचे काम. शहाण्याने सुरुवातीलाच रिब्रीदर घ्यावा.

रिब्रीदर म्हणजे काय, हे त्याने मला भाकरी मोडता मोडता समजावले. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, सोडतो त्यात जवळजवळ 16. म्हणजे साध्या टाकीवरचा माणूस बराचसा चांगला माल बुडबुडे करून समुद्राला दान करतो. रिब्रीदर तो उच्छ्वास पिशवीत धरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड एका डब्यातल्या चुन्यात शोषून घेतो, खर्च झालेला ऑक्सिजन छोट्या बाटलीतून भरतो आणि तीच हवा पुन्हा तोंडात देतो. हा सोडा लाइम म्हणजे मुख्यतः आपण पानाला लावतो तोच विरवलेला चुना. त्यात पाणी शिरले तर तोंड भाजणारे कढण घशात येते. चुना लागणे हा वाक्प्रचार मी इतक्या शब्दशः आजवर ऐकला नव्हता.

भाच्याचे मुद्दे खोटे होते असे मी म्हणणार नाही. एक, बुडबुडे नाहीत, आवाज नाही, त्यामुळे मासे बिचकत नाहीत. दोन, छोट्या बाटलीवर तासन् तास राहता येते. तिसरा मुद्दा खरोखरच वजनदार होता. साध्या टाकीवर श्वास घेतला की छाती फुगते आणि माणूस किंचित वर उचलला जातो. सोडला की खाली येतो. हे तोल सांभाळणे अंगवळणी पडायला पुष्कळ बुड्या लागतात. रिब्रीदरवर हवा पिशवीतून छातीत आणि छातीतून पिशवीत. एकूण फुगवटा तेवढाच, माणूस जागचा हलत नाही. म्हणजे आधीचे सगळे विसरावे लागते.

"मग मामा, जे पुढे विसरायचंच आहे ते आधी शिकायचं कशाला?"

या वाक्यावर ताईने माझ्याकडे पाहिले. मी आमटी वाढून घेतली.

आता माझा अधिकार काय ते सांगतो. मी स्कूबाची टाकी कधी पाठीवर घेतलेली नाही. पाठीवर घेतलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे दौंड स्टेशनावर ताईच्या लग्नातला ट्रंक. पण फोन आल्यापासून निघेपर्यंत मी दोन रात्री वाचत बसलो होतो, आणि वाचलेले वाया जाऊ देण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

पहिली गोष्ट, हे यंत्र नवे नाही. हेन्री फ्लूस नावाच्या इंग्रजाने कामाला येईल असा रिब्रीदर 1878 मध्येच बनवला होता. ज्याला भाचा जुनाट म्हणतो ती बुडबुड्यांची टाकी 1943 मधली, झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांची. आणि या कूस्तोने त्याआधी ऑक्सिजनचा रिब्रीदर वापरून पाहिला होता. दोनदा त्याला पाण्याखाली झटके आले. निव्वळ ऑक्सिजन वीस फुटांच्या खाली विषासारखा वागू लागतो. म्हणजे बुडबुडे हे अडाण्याचे लक्षण नव्हे. दोनदा मरता मरता वाचलेल्या माणसाला सुचलेले ते शहाणपण आहे. आपल्याकडे येऊन भारतीय नागरिक झालेले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी हेच प्रयोग स्वतःवर केले. ऑक्सिजनच्या झटक्याने त्यांच्या पाठीच्या मणक्याला कायमची दुखापत झाली.

"ते निव्वळ ऑक्सिजनचं झालं. आता मिश्रण असतं, सेन्सर असतात, कॉम्प्युटर असतो," भाचा म्हणाला.

"सेन्सर किती?"

"तीन. एक बिघडला तर उरलेले दोघं सांगतील ते खरं."

"तिघं एकदम विकत घेतलेले?"

"हो."

"मग म्हातारे पण एकदमच होणार."

इथे आमचे दाजी पहिल्यांदा बोलले. दाजी रेल्वेतून निवृत्त झाले. दौंड जंक्शनावर उभी हयात गेली. एरवी ते जेवताना बोलत नाहीत, आणि जेवण झाल्यावर झोपतात. ते म्हणाले, "हे बिघडलं तर काय होतं?"

"म्हणजे?"

"सिग्नल बिघडला तर तो लाल पडला पाहिजे. तार तुटली, वीज गेली, काही झालं तरी लाल. गाडी उभी राहते, लोक शिव्या देतात, पण मरत नाहीत. तुझं यंत्र बिघडलं की लाल पडतं का हिरवं?"

भाचा गप्प बसला. साध्या टाकीचा रेग्युलेटर बिघडला तर तो बहुधा भसाभसा हवा सोडू लागतो. टाकी संपत आली तर श्वास ओढायला जड जातो. दोन्ही वेळा माणसाला कळते. रिब्रीदरमध्ये ऑक्सिजन येणे थांबले तर? हवा तेवढीच, श्वास तितकाच मऊ. पडद्यावरचा आकडा पाहिला तर पाहिला, नाहीतर माणूस सुखात असताना दिवा विझतो. इतके सुखात का, हे मला वाचून कळायच्या पुष्कळ आधी आमच्या विहिरीत कळले होते.

शिरूरला आमच्या मळ्यात विहीर आहे. पावसाळा संपला की तिला चार परस पाणी असते. आम्ही सगळे तिथेच पोहायला शिकलो, कमरेला वाळका भोपळा बांधून. शिकवायला वडिलांचे चुलते, नाना. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे काठावरून ढकलणे आणि मग विडी पेटवणे. पण त्यांचा एक नियम होता: "पोट मागायला लागलं की वर यायचं. पोटाशी हुज्जत घालायची नाही."

भोपळा सुटल्यावर आमचा खेळ सुरू झाला, तळाचा गाळ आणण्याचा. मी बारा वर्षांचा होतो. मला कोणीतरी सांगितले की बुडी मारण्याआधी भात्यासारखे पंधरा-वीस श्वास भराभर घेतले की दम जास्त टिकतो. मी घेतले. आणि खरोखर, त्या दिवशी पोट काही मागेचना. तळाशी गेलो, गाळ उचलला, वाटले अजून एक मूठ घ्यावी. विहीर किती छान, हिरवी आणि शांत आहे असा विचार मनात आल्याचे मला स्वच्छ आठवते. त्यानंतरचे आठवते ते थारोळ्यात पालथा पडलेला मी आणि पाठीवर थापा मारणारे, विडीसकट भिजलेले नाना. ते मला काठावरून मोजत होते. आकडा नेहमीपेक्षा पुढे गेला तसे त्यांनी धोतरानिशी उडी टाकली.

मला मार बसेल असे वाटले होते. पण नाना थरथरत एवढेच म्हणाले, "पोटाचं तोंड बांधलंस होय रे!"

नाना शाळेत चौथीपुढे गेले नव्हते, पण शरीरशास्त्राची पुस्तके काही निराळे सांगत नाहीत. गुदमरल्यासारखे वाटते ते ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. पोट मागते ते त्याच्यामुळे. भराभर श्वास घेऊन मी तो आधीच धुऊन काढला होता. ऑक्सिजन संपत गेला, पण तक्रार करणारा घरातच नव्हता. आणि भाच्याच्या यंत्रातला तो चुना हेच काम करतो, तासन् तास, न थकता.

माझे भांडण आहे ते एवढेच. यंत्र वाईट नाही. नौदलाच्या पाणबुड्याला, खोल गुहेत शिरणाऱ्याला, माशांचे चित्रण करणाऱ्याला ते जरूर असावे. पण जे यंत्र शरीराची तक्रार बंद करते, ते अशाच्या हाती द्यावे ज्याला ती तक्रार पुष्कळदा ऐकून पाठ झाली आहे. हौशी लोकांच्या रिब्रीदरवरच्या 1998 ते 2010 या काळातल्या मृत्यूंचा हिशेब 2013 मध्ये प्रसिद्ध झाला: मृत्यू 181, आणि प्रमाण साध्या टाकीच्या सुमारे दहापट. ही माणसे जास्त खोल आणि अवघड जागी जातात हेही त्याचे कारण आहे. भाच्याने ते लगेच सांगितले आणि मी लगेच कबूल केले. पण त्यांतले बरेचसे आधी बुडबुड्यांवर शिकून मग तिकडे वळलेले असणार. त्यांचा हा हिशेब, तर अकरा बुड्यांवाल्याचा काय?

राहता राहिले विसरण्याचे. भोपळाही मला पुढे विसरावाच लागला. पण भोपळा प्रामाणिक होता. सुटला की क्षणात नाकात पाणी जायचे आणि कळायचे. नवशिक्याला असाच गुरू हवा, जो चूक झाली की लगेच ओरडतो.

भाचा थोडा वेळ पानातला भात गोळा करीत राहिला. मग म्हणाला, "मामा, समुद्रात नाही वापरणार लगेच. आधी आपल्या विहिरीत सराव करतो. चार परस तर पाणी."

चार परस म्हणजे चोवीस फूट. कूस्तोला विचारा. नानांना विचारता आले असते तर आणखी बरे झाले असते.

मी म्हटले, "साध्या टाकीवर शंभर बुड्या मारून ये, मग बोलू. तोवर विहिरीत यायचं तर रिकाम्या अंगानं. मी काठावर बसून मोजीन."

तो कुरकुरला. यंत्र अजून घेतलेले नाही, पण विचार सोडलेला नाही. त्याची किंमत कित्येक लाखांच्या घरात आहे, हाही ताईच्या बाजूचा एक मुद्दा. मधल्या काळात दोन रविवार शिरूरला येऊन गेला. मी विडी ओढत नाही, त्यामुळे मोजताना हातांचे काय करावे कळत नाही. पण यंत्र त्याचे, पैसे त्याचे. विहीर माझी आहे, आणि विहिरीचा नियम नानांचा.