‘ओके’चे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दांच्या बाबतीत हा सल्ला पाळला की रिकामी जागा दंतकथा बळकावतात. ‘ओके’चे तसेच झाले आहे. कोणी तो अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेतून आला म्हणतो, कोणी ‘सगळे ठीक’ या अर्थाच्या ग्रीक ‘ओला काला’तून, तर कोणी पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या होकारातून. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर चॉक्टॉ व्युत्पत्ती खरी मानून तसेच स्पेलिंग करीत. या सगळ्या मतांचा आधार एकच: उच्चार जुळतो, अर्थ जुळतो. पण ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचेही दोन्ही जुळते, आणि तरी त्यांचे काही नाते नाही.

लेखी पुरावा बोस्टनला नेतो. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३-६४ मध्ये दाखवून दिले, की २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ही अक्षरे छापली आहेत आणि तिथेच ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही आहे. मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करायचे आणि त्याची आद्याक्षरे छापायची, ही तेव्हाच्या वृत्तपत्रांतली गंमत होती; ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ हे त्याच टाकसाळीतले नाणे. ते चालले नाही. ‘ओके’ तगला, कारण १८४० च्या निवडणुकीत किंडरहूक गावच्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ ठरवले आणि ‘ओके क्लब’ काढले. व्हॅन ब्युरेन हरले, पण तोवर शब्द सर्वतोमुखी झाला होता.

पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या गुलामांची बोली लिहून कोण ठेवणार होते, हा वोलोफ मताच्या बाजूचा आक्षेप मात्र वजनदार आहे. कागद नाही म्हणून शब्द नव्हता, असे म्हणणे अन्यायाचेच. पण इथे कागद आहे, आणि तो बोलतो: शब्द आधीच लोकांच्या तोंडी असता, तर संपादकाला अर्थ फोडून सांगावा लागला नसता. उरली ती एक कुरबुर, की जगभर गेलेल्या शब्दाचा उगम इतका क्षुल्लक कसा? शब्दाला वजन येते ते वापराने. मराठीनेच पाहा, ‘क’ला द्वित्त देऊन त्याचा ‘ओक्के’ केला. ‘ओके’त नुसता होकार आहे, ‘एकदम ओक्के’ म्हणणारा मनापासून खूश असतो.