कोंबडी दिली, हिशेब कुठे?



तेलविहिरी सरकारच्या असाव्यात की कंपन्यांच्या, हा विषय निघाला की सभेत लगेच दोन तट पडतात. आम्ही आज मेक्सिकोची हकिकत सांगतो, कारण तिथे हा प्रश्न गोरगरिबांच्या खुराड्यापर्यंत पोचला होता.

मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने जमिनीखालचे तेल राष्ट्राचे ठरवले. कागदावर. विहिरी ब्रिटिश-डच आणि अमेरिकन कंपन्यांच्याच हातात राहिल्या. १९३७ मध्ये तेल कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. प्रकरण लवादात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १ मार्च १९३८ रोजी निकाल कामगारांच्या बाजूने लागला, तो कंपन्यांनी धुडकावला. परक्या सावकाराने देशाच्या न्यायालयाला जुमानायचे नाही, आणि सरकारने बघत बसायचे? १८ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतल्याचे रेडिओवरून जाहीर केले. याच माणसाने आपल्या कारकिर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन कसणाऱ्यांना वाटली.

कंपन्यांना भरपाई द्यायची होती. एप्रिलमध्ये राजधानीतल्या कलामंदिरात बायकांची रीघ लागली. कुणी बोटातली अंगठी दिली, कुणी कोंबडी आणली. जमलेली रक्कम भरपाईच्या मानाने किरकोळच होती. पण घरची अंडी देणारी कोंबडी देणे काय असते, ते आपल्या मायबहिणींना सांगायला नको.

कंपन्यांनी मेक्सिकोच्या तेलावर बहिष्कार टाकला. परदेशी तंत्रज्ञ निघून गेले. तरी तिथल्या कामगारांनी विहिरी चालवून दाखवल्या. अमेरिकन कंपन्यांशी १९४२ मध्ये आणि ब्रिटिशांशी १९४७ मध्ये भरपाईचा करार झाला. कार्देनास यांचा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो, हे इथेच सांगून टाकतो.

आमचे भांडण पुढच्या कारभाराशी आहे. तेलासाठी पेमेक्स ही सरकारी कंपनी निघाली आणि सरकारला दुभती म्हैस मिळाली. कित्येक वर्षे केंद्राच्या तिजोरीतला सुमारे तिसरा हिस्सा तेलातून येत असे. धारा काढल्या, वैरण टाकली नाही. नवे साठे शोधायला पैसा उरेना. २००४ नंतर उत्पादन घसरत गेले आणि पेमेक्सचे कर्ज शंभर अब्ज डॉलरच्या पुढे गेले. तेलाचा देश अमेरिकेतून पेट्रोल आणू लागला. २०१३ मध्ये घटना बदलून खाजगी कंपन्यांना दार उघडले, २०२४ मध्ये पुन्हा घटना बदलून पेमेक्सला सरकारी छत्राखाली घेतले. कोंबडी देणारीच्या नातवंडांनी हिशेब मागायचा कुणाकडे?

कापूस एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यासाठी ताटकळलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. माल सरकारच्या हाती गेला, म्हणून पैसा आपल्या हाती येतोच असे नाही.

तेलाच्या बाबतीत आपणही हेच पाहिले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारने घेतली. मुंबईचे त्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने देशाचे झाले, ठीकच झाले. मग २०२० साल आले. टाळेबंदीत जगभर तेलाचे भाव कोसळले. आपले बहुतेक तेल आयातीचे, तेव्हा डिझेल स्वस्त व्हायला हवे होते. ६ मे रोजी केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. पंपावरचा भाव जागचा हलला नाही, स्वस्ताई वरच्या वर तिजोरीत गेली. दिवस आपल्या नांगरटी-वखरणीचे होते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, हेही नोंदवले पाहिजे. मधल्या दीड वर्षातल्या दोन्ही खरिपांचे काय?

शेतीकामाला जळालेल्या डिझेलवरचा कर शेतकऱ्याला परत मिळावा, असा ठराव आम्ही जिल्हा बैठकीपुढे ठेवणार आहोत. नुसत्या भाषणाने तो टिकणार नाही, आकडे लागतील. येताना गेल्या हंगामातल्या डिझेलच्या पावत्या आणा. ट्रॅक्टर भाड्याचा असेल, तर नांगरटीला एकरी किती लिटर लागले ते मालकाला विचारून, कागदावर लिहून आणा.