डोंगरातील गाय आणि लिटरचे माप

गाईची योग्यता केवळ लिटरवर मोजण्याची सवय आपल्या नियोजनाला १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने लावली. बागायती मुलखात हे माप एक वेळ चालेल. सह्याद्रीत ते अन्यायकारक ठरते.

अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात टिकते ती डांगी गाय. तिच्या कातडीतून स्रवणारे तेल तिचे पावसापासून रक्षण करते. तिचे कठीण काळे खूर खडकाळ वाटांना पुरून उरतात. ती दूध थोडे देते, हे खरे. पण रानच्या चाऱ्यावर जगून ती भातखाचराला शेणखत आणि चिखलणीला बैल देते. त्याचा हिशेब दूधसंघाच्या वहीत कोठे आहे? संकरित गाय दूध अधिक देते. परंतु पेंड, विकतचा चारा व औषधे यांचा खर्च वजा जाता अल्पभूधारक आदिवासीच्या हाती काय उरते, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे.

आल्प्सच्या उंच कुरणांवर उन्हाळ्यात जनावरे नेणाऱ्या शेतकऱ्यांना स्वित्झर्लंडचे सरकार अनुदान देते. आपल्याकडे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील विनापरवाना चराई गुन्हा ठरविली. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला. तो ग्रामसभांनी सामूहिक दाव्यांतून पदरात पाडून घ्यावा आणि चराईच्या पाळ्या स्वतः ठरवाव्यात. तरच कुरणही टिकेल आणि गोठाही.

गाईचे गोडवे गाणाऱ्यांना कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे: तिने चरावे कोठे?